तिकडचे पाच, इकडचे किती?

६ मार्च, बुधवार

दात पडलाय तिचा! पुढचा. कॅमेऱ्यापुढे आ करून दाखवला, म्हणजे दात नाही ती जागा दाखवली. मी म्हटलं, "आई, आता सीलचं मांस कशानं चावणार गं?" उल्रिकानं ते डॅनिशमध्ये सांगितलं. अमालिये हसली नाही. सील कुठलं आठवतंय तिला! तिच्या शेजारी बसलेल्या, तिकडच्या बालकल्याण खात्याच्या लिस्बेटबाईंनी मात्र काहीतरी लिहून घेतलं. ती बाई सारखी लिहीत असते. मी नाक शिंकरलं तरी लिहील.

महिन्याच्या पहिल्या बुधवारी आम्हाला आमची नात पडद्यावर दाखवतात. तिकडे डेन्मार्कात पाच वाजता, म्हणजे इकडे आपल्या बेटावर तीनला. अर्धा तास. पडदा पालिकेच्या कचेरीत, आणि कचेरीत माझ्या भावाची मुलगी उल्रिका, म्हणून निदान चहा-कॉफी तरी मिळते. ग्रेथे पोरीला घेऊन तिकडे गेली, तिकडे तिच्याकडून पोरीला काढून घेतलं, त्याला दीड वर्ष होईल. ग्रेथे पीत होती, मान्य. माझीच मुलगी, मी काय झाकणार? पण मग नातीला आमच्याकडे पाठवा ना! ग्रेथे स्वतः सही करून सांगतेय, माझ्या आईबाबांकडे द्या म्हणून. नाही! आधी आम्हाला पारखणार. एप्रिलमध्ये एकदा बोलणं, मेमध्ये एकदा, आणि जूनमध्ये ठरवणार — पोर इथे येणार, की मोठी होईपर्यंत त्या परक्यांच्या घरी राहणार.

निघताना उल्रिका म्हणाली, "काका, तिला तिथे आई नको म्हणत जाऊस. त्यांना कळत नाही."

"न कळायला काय झालं? माझ्या आईचं नाव दिलंय तिला. मग कोण ती माझी?"

"मला माहितीये रे. त्यांना नाही माहीत."

मग शिका म्हणावं! गावात कुणालाही विचारा. आई गेली त्याच हिवाळ्यात ही जन्मली, नाव दिलं, आई परत आली. संपलं. इथे होती तोवर मला "माझा मुलगा" म्हणायची. टोपी न घालता बाहेर पडलो की ओरडायची माझ्यावर — एवढीशी, माझ्या गुडघ्याएवढी! आणि मी साठीचा बाप्या निमूट टोपी घालायचो. फार बरं वाटायचं.

९ मार्च

बर्फावर जातोय. कस्तुरी बैलाच्या शिकारीचा परवाना आहे, शिवाय स्लेज ओढणारी कुत्री माजलीत. काम नसलं की एकमेकांना फाडतात. माणसांचंही तेच. बायको, युस्टिने, आणि मी परवापासून धड बोललेलो नाही.

२८ मार्च

आलो परत. दोन जनावरं मिळाली. वादळात चार दिवस तंबूत पडून काढले, एका बोटाची कातडी गेली. युस्टिनेनं बोट पाहिलं, म्हणाली, "तरुण आहेस का आता?" आणि मलम लावलं. म्हणजे बोलणं सुरू झालं.

विचारलं, गावात काय नवीन? म्हणाली, काही नाही, कचऱ्याच्या ढिगावर अस्वल आलं होतं, हाकललं.

३० मार्च, शनिवार

आज घड्याळं एक तास पुढे. दरवर्षीचा तमाशा. घरातलं केलं, मग चर्चमध्ये जाऊन तिथलं केलं. घंटा मीच वाजवतो, तेव्हा घड्याळही माझ्याच गळ्यात. उद्या ईस्टर. युस्टिने बहिणीकडे केक भाजायला गेलीये.

उजेड वाचवायचा म्हणे! डिसेंबरात भरदुपारी दिवे लावून बसतो आम्ही, तेव्हा कुठे असतो हा वाचवलेला उजेड? आणि मेमध्ये सूर्य बुडायचं नावच घेत नाही, तेव्हा हा जादाचा तास नेऊन ठेवायचा कुठे, खिशात? ज्यानं कुणी हे खूळ काढलं त्याला माझ्या स्लेजवर बांधून बर्फाच्या कडेपर्यंत न्यायला पाहिजे. सीलपुढे घड्याळ धरून बस म्हणावं. कामाची वेळ झाली, ये वर!

३१ मार्च, ईस्टर

हसं झालं. पार हसं झालं.

घंटा वाजवली. दोर ओढतोय, ओढतोय, कुणी येईना. मग थोडी माणसं आली — ज्यांचे फोन जुने आहेत ती, त्यांचे फोन माझ्यासारखेच आपणहून पुढे पळालेले. बाकीचं गाव झोपलेलं. प्रार्थना सांगणारा गेर्ट अंगात नुसता स्वेटर घालून धावत आला आणि खालून ओरडला, "मानासे! येशू अजून उठला नाही, तू कशाला उठवतोस त्याला!"

यंदा घड्याळं हलवायचीच नव्हती. आपल्या बेटाच्या राजधानीवाल्यांनी ठरवलंय, सगळ्या बेटाची वेळ एक. ते एक तास पुढे सरकणार, आपण जागच्या जागी थांबायचं, की जुळलं. दुकानाच्या दारावर कागद लावलाय. रेडिओवर सांगितलं. सगळ्यांना ठाऊक! मी बर्फावर होतो. कस्तुरी बैलांनी मला काही सांगितलं नाही.

घरी आलो तर युस्टिने स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ मागे करत होती. म्हटलं, "काय नवीन विचारलं तेव्हा अस्वल सांगितलंस. हे सांगायचं होतंस ना!"

"मला काय माहीत तू दार वाचत नाहीस ते!" मग खाली उतरली आणि बोट नाचवत म्हणाली, "आजपासून या घरातल्या घड्याळाला तू हात लावायचा नाहीस. कळलं?"

कळलं.

१ एप्रिल

दुकानात मोजे घ्यायला गेलो तर म्हणे, "मानासे, तुझ्याकडे किती वाजले? उद्याचे का?" मोजे न घेताच परत आलो.

३ एप्रिल, बुधवार

लिहवत नाही.

तीनच्या आधीच पोचलो होतो आम्ही. युस्टिनेनं मण्यांची गळपट्टी घातली होती, तिच्या लग्नातली. अमालियेला दाखवायची म्हणून. मी दाढी केली होती. वाटेभर ठरवत होतो, काय काय बोलायचं, कुत्रीला पिल्लं झालीत ते सांगायचं. उल्रिकानं खोली उघडली, यंत्र सुरू केलं. आणि पडद्यावर नुसती ओळ — फोन आला होता, कुणी घेतला नाही.

तीन अजून वाजले पण नव्हते!

उल्रिकानं तिकडे फोन लावला. बराच वेळ कुणी उचलेना. मग एकानं उचलला, लिस्बेटबाई घरी गेल्या म्हणाला. मुलगी आली होती. अर्धा तास खुर्चीत बसून होती. मग तिला घेऊन गेले. नोंद झाली आहे: आजीआजोबा गैरहजर.

"अहो पण आत्ता कुठे—" उल्रिका बोलत होती. त्यानं ठेवून दिला.

युस्टिनेनं तिथेच गळपट्टी काढली आणि पिशवीत कोंबली.

४ एप्रिल

सकाळी कॉफी पिता पिता डोक्यात प्रकाश पडला. डेन्मार्कवाल्यांनी घड्याळ पुढे केलं, दरवर्षीसारखं. आम्ही मात्र यंदा थांबलो. इतकी वर्षं दोघंही एकाच दिवशी हलायचो, म्हणून मधलं अंतर तेच राहायचं, कुणी विचारच करायचं नाही. आता अंतर वाढलं. तिकडचे पाच म्हणजे आपले तीन नाहीत, दोन! गावात कुणाच्या लक्षात आलं नाही. उल्रिकाच्या नाही, गेर्टच्या नाही, त्या दारावर कागद चिकटवणाऱ्याच्या पण नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत — मी चुकून पुढे केलेलं घड्याळ तसंच राहू दिलं असतं, तर त्या घड्याळात तीन वाजताना आम्ही बरोब्बर पोचलो असतो! अख्ख्या गावात माझंच एक घड्याळ कामाचं होतं. ज्याला सगळे हसले ते.

हे मी युस्टिनेला बोलून दाखवलं. बोलायला नको होतं. ती भांडी घासत होती, पाठमोरी. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं. तिनंच स्टुलावर चढून ते मागे केलं होतं ना.

राग काढू तरी कुणावर? तिच्यावर? राजधानीवर? सूर्यावर?

५ एप्रिल

युस्टिने म्हणते, त्यांना पत्र लिही. काय झालं ते सगळं सांग, काही लपवू नकोस. खरं बोललं की माणसं ऐकतात, म्हणे. तिला खरंच असं वाटतं.

सगळं सांगितलं. घंटा आधी वाजवली ते, गाव हसलं ते, घड्याळ मागे केलं ते. उल्रिकानं डॅनिशमध्ये लिहिलं. लिहिताना मध्येच थांबली. "काका, घंटेचं घालू का? उगाच—" युस्टिने म्हणाली, "घाल. त्यावरूनच कळेल त्यांना, किती घोळ झालाय ते."

१६ एप्रिल

उत्तर आलं. त्यांच्या यंत्रात आमचं-त्यांचं अंतर अजून दोन तासच दाखवतं! म्हणून आमचा खुलासा "जुळत नाही". आणि काही झालं तरी वेळ जाणून घेणं ही संबंधितांची जबाबदारी आहे.

संबंधित म्हणजे मी. साठ वर्षं इथे राहून मला इथे किती वाजले ते कळत नाही, त्यांच्या यंत्राला कळतं. तळपायाची आग मस्तकात गेली. स्लेज दुरुस्त करायला घेतली, तर हातोडी अंगठ्यावरच मारून घेतली.

उल्रिका दिवसभर फोनवर भांडली. शेवटी कुणीतरी वरच्यानं मान्य केलं, की बरं बरं, असेल. पण नोंद काही खोडता येत नाही. मेच्या बोलण्यात "विचारात घेऊ".

२२ एप्रिल

कुत्रीची पिल्लं चालायला लागली. एक पांढरं आहे, ते अमालियेचं.

३० एप्रिल

युस्टिनेनं माझ्याकडून शपथ घेतली. उद्या "आई" म्हणायचं नाही. अमालिये म्हणायचं. दिवसभर कुत्र्यांना खायला घालताना सराव केला. अमालिये, अमालिये. जिवावर येतं! आईला कधी कुणी नावानं हाक मारतं का?

१ मे, बुधवार

न्याहारी झाली तेव्हाच जाऊन बसलो. उल्रिकानं दार उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर. म्हटलं बघू आता कोण गैरहजर म्हणतो!

बरोबर दोनला पडदा उजळला. अमालिये मोठी दिसायला लागलीये. केस कापलेत. आमची भाषा गेली तिची, पार गेली. युस्टिनेला दवाखान्यात काम करून करून डॅनिश चांगली येते, त्यामुळे त्या दोघींचं चाललं होतं. पिल्लू दाखवलं, मी कोटाच्या आत घालून आणलं होतं. तेव्हा हसली! मी दोनदा नाव घेतलं, अमालिये. दोन्ही वेळा नीट म्हटलं.

मग लिस्बेटबाई माझ्याकडे वळल्या. मूल तुमच्याकडे किती वाजता झोपेल?

म्हटलं, झोप आली की.

म्हणजे किती वाजता?

आता काय सांगू? बाई, इथे आता अंधारच पडत नाही. पोरं मध्यरात्री चेंडू खेळतात, दमली की येऊन पडतात. आमचं लहानपण असंच गेलं, आमच्या बापाचंही. उल्रिकानं भाषांतर करताना काहीतरी सांभाळून घेतलं असणार, कारण माझं बोलणं लांबलचक होतं आणि तिचं झटक्यात संपलं. लिस्बेटबाईंची लेखणी मात्र चालूच.

आणि तेवढ्यात पोरीनं विचारलं. मधेच. मला, थेट. डॅनिशमध्ये, पण एवढं मला कळलं. "मागच्या वेळी का नाही आलात? मी बसले होते."

तिची हनुवटी थरथरत होती. मी म्हटलं, "नाही गं आई, आलो होतो आम्ही! आई, रडू नकोस. मी आलो होतो गं आई!"

तीनदा. युस्टिनेनं टेबलाखालून माझा हात धरला, पण तोवर होऊन गेलं होतं.

२ मे

युस्टिनेनं दिवसभर घर घासून काढलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१९ मे

आजपासून सूर्य मावळणार नाही. छोटे पक्षी आले, डोंगर नुसता किलबिलतोय. गाव सगळं पक्षी धरायला जाळी घेऊन कड्यावर. मी गेलो नाही. ग्रेथेचा फोन होता, महिनाभर दारूला शिवली नाही म्हणाली. म्हटलं छान. ती म्हणाली, "बाबा, ते देतील ना तिला तुमच्याकडे?" मी म्हटलं देतील. मला काय, बोलायला काय जातंय.

३ जून, सोमवार

पत्र आलं. उल्रिका स्वतः घेऊन घरी आली तेव्हाच समजलं, एरवी ती फोन करते.

तिनं वाचलं, मोठ्यानं, आमच्या भाषेत, थांबत थांबत.

आजी सक्षम आहे. घर स्वच्छ आहे. आजीची डॅनिश चांगली. मुलीला आजीची ओढ दिसते. मुलीला आजीच्या ताब्यात द्यायला हरकत नाही.

युस्टिनेनं टाळी वाजवली. अशी एकदाच, लहान पोरीसारखी.

उल्रिका म्हणाली, "थांब काकी. पुढे आहे."

आजोबांना वेळेचं भान नाही. स्वतःच्या पत्रात त्यांनीच कबूल केल्याप्रमाणे ते गावाची घंटासुद्धा चुकीच्या वेळी वाजवतात. मुलाच्या झोपेच्या वेळा त्यांना महत्त्वाच्या वाटत नाहीत. सात वर्षांच्या मुलीला ते आई म्हणतात, तिच्यावर मोठ्या माणसाचं ओझं टाकतात, नात्यांची गल्लत करतात. ते राहत असलेल्या घरात मुलीला ठेवणं तिच्या हिताचं नाही.

मी म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचलं. तेच होतं.

युस्टिने उभी राहिली. "आपण भांडू! वकील करू. घंटेचं मी घालायला लावलं होतं, त्यांना सांगते मी, माझी चूक आहे!"

"किती दिवस लागतात भांडायला?" मी उल्रिकाला विचारलं.

"दोन वर्षं. जास्तच, काका. तोवर ती तिकडेच."

दोन वर्षांनी तिला कुत्रा म्हणजे काय तेही आठवणार नाही. युस्टिने माझ्याकडे बघत होती आणि एकदम फुटली — "एक नाव, मानासे! अर्धा तास नुसतं एक नाव घ्यायचं होतं तुला!" मग स्वतःच तोंडावर हात दाबला. उल्रिका खिडकीतून बाहेर बघत बसली.

मी कुत्र्यांना खायला घालायला गेलो. त्यांना आज जरा जास्तच घातलं.

जून. तारीख नक्की नाही

इथे पलीकडच्या जुन्या वस्तीत झोपडी अजून कोरडी आहे, चूल चालते. युस्टिनेला म्हटलं, लिहून दे त्यांना, नवऱ्यानं घर सोडलं. खोटं नाहीच ते. दोन दिवस भांडली, मग तिनंच स्लेजवर पीठ-साखर बांधून दिली. अस्वल नेहमी याच बाजूनं येतं, तेव्हा इथे कुणी असलेलं गावाला बरंच आहे.

परवा हेलिकॉप्टर आलं, अमालियेला घेऊन. आवाज इथपर्यंत आला. लिस्बेटबाई पण सोबत आल्यात, आठवडाभर राहून बघणार.

आज वायरलेस सुरू केला तर युस्टिनेच्या मागून पोरीचा आवाज. डॅनिशमध्ये विचारत होती, कोण बोलतंय?

युस्टिने म्हणाली, "कुणी नाही गं. पलीकडे एक शिकारी असतो. बर्फ कसा आहे ते कळवतो."

मग मी बर्फ कसा आहे ते कळवलं.